बिनखात्याचे मंत्री: शपथ झाली, खाते कुठे आहे?

डिसेंबर 2024 चे नागपूर अधिवेशन आठवतेय? 15 तारखेला नागपूरच्या राजभवनात 39 मंत्र्यांचा शपथविधी झाला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे 16 तारखेला, हिवाळी अधिवेशन सुरू झाले आणि 21 तारखेला संपले. खातेवाटप जाहीर झाले ते त्याच 21 तारखेला, रात्री. म्हणजे अख्खे अधिवेशन पार पडले, सभागृहात मंत्री बसले होते, पण कोण कशाचा मंत्री हे कागदावर ठरलेलेच नव्हते. खुद्द दोन उपमुख्यमंत्र्यांनी 5 डिसेंबरला शपथ घेतली होती; त्यांचे 16 दिवस असेच गेले.

वर्तमानपत्रांनी तेव्हा 'बिनखात्याचे मंत्री' हा शब्द भरपूर वापरला. शब्द थट्टेचा वाटतो, पण संशोधनाच्या दृष्टीने तो सोन्याची खाण आहे. कारण त्यातून एक साधा पण अवघड प्रश्न निघतो. मंत्रीपण नेमके कशात असते? शपथेत, खात्यात, की मंत्रिमंडळाच्या बैठकीतल्या खुर्चीत? आजच्या लेखात हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने बघू. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातली घेतो, तुलनेसाठी तमिळनाडू आणि दिल्ली. आणि शेवटी, पीएचडीच्या तयारीत असलेल्यांसाठी, अशा विषयाचा संशोधन-प्रश्न कसा बांधायचा यावरही बोलू.

आधी संविधान उघडू

राज्याच्या मंत्रिमंडळाविषयीची मुख्य कलमे 163, 164, 166 आणि 167. ती एकदा सलग वाचा; फार तर दहा मिनिटे लागतील. वाचताना एक गोष्ट लक्षात येईल. प्रत्येक मंत्र्याकडे खाते असलेच पाहिजे असे कुठेही म्हटलेले नाही.

कलम 164 सांगते की मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतील आणि इतर मंत्र्यांची नेमणूक मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने करतील. मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. मंत्र्यांचे पगार आणि भत्ते राज्याचे विधिमंडळ कायद्याने ठरवेल. इथवर 'खाते' हा शब्दच नाही.

तिसऱ्या अनुसूचीतली शपथ बघा. मंत्री शपथ घेतो ती 'अमुक राज्याचा मंत्री' म्हणून. महसूलमंत्री, गृहमंत्री अशी शपथ नसतेच. म्हणून खाते बदलले तरी नव्याने शपथ घ्यावी लागत नाही, आणि खाते काढून घेतले म्हणून शपथही संपत नाही.

मग खाते येते कुठून? कलम 166 च्या तिसऱ्या खंडातून. राज्याचे कामकाज अधिक सोयीने चालावे आणि ते मंत्र्यांमध्ये वाटले जावे यासाठी राज्यपाल नियम करतील, एवढेच तिथे आहे. महाराष्ट्रात त्याला 'कार्यनियमावली' म्हणतात; 1975 ची नियमावली संशोधकांना वारंवार लागते. थोडक्यात काय, तर मंत्रिपद संविधानातून येते आणि खाते नियमावलीतून. एक वरच्या मजल्यावरचे, दुसरे खालच्या मजल्यावरचे. बिनखात्याचा मंत्री या दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यात उभा असतो.

आणखी एक बारकावा. 'कॅबिनेट मंत्री' आणि 'राज्यमंत्री' हा भेद राज्यांच्या बाबतीत संविधानात नाही. 'कॅबिनेट' हा शब्द मूळ संविधानात नव्हता. तो 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 352 मध्ये आला, आणि तोही केंद्राच्या संदर्भात. म्हणजे 'राज्यातले बिनखात्याचे कॅबिनेट मंत्री' या शब्दप्रयोगातली दोन पदे, 'कॅबिनेट' आणि 'खाते', दोन्ही संविधानाच्या राज्यविषयक कलमांबाहेरून आलेली आहेत. प्रथा, नियमावली आणि आदेश यांतून ती घडली. म्हणूनच हा विषय फक्त कायद्याचा राहत नाही, इतिहासाचा होतो.

'सोयीने' या शब्दाचा प्रवास

कलम 166 मधला 'अधिक सोयीने कामकाज' हा शब्दप्रयोग 1950 मध्ये अचानक अवतरला नाही. मागे जा. 1935 च्या भारत सरकार कायद्याच्या कलम 59 मध्ये प्रांतांच्या गव्हर्नरांसाठी जवळजवळ हीच भाषा आहे: सोयीने कामकाज चालण्यासाठी आणि ते मंत्र्यांमध्ये वाटण्यासाठी नियम करावेत. आणखी मागे गेलात तर 1861 चा इंडियन कौन्सिल्स ॲक्ट सापडेल. त्याच्या आठव्या कलमात गव्हर्नर जनरलला कौन्सिलचे कामकाज अधिक सोयीने चालवण्यासाठी नियम करण्याचा अधिकार आहे.

1861 महत्त्वाचे का? कारण त्याच्या आधी गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलमध्ये कागदपत्रे सगळ्या सदस्यांपुढे फिरायची आणि निर्णय सगळ्यांचा मिळून असायचा. कामाचा डोंगर वाढला. लॉर्ड कॅनिंगने कौन्सिलच्या सदस्यांना वेगवेगळे विभाग वाटून दिले आणि नेहमीची प्रकरणे त्या त्या सदस्याने निकालात काढावीत अशी पद्धत घातली. भारतातली 'खाते' पद्धत ती ही.

आता गंमत बघा. आपण समजतो की खाते असणे ही मूळ अवस्था आणि बिनखात्याचा मंत्री हा अपवाद. इतिहास उलट सांगतो. आधी सामूहिक निर्णय होता. खाती नंतर आली, तीही सोयीसाठी. सामूहिक जबाबदारी हे तत्त्व, खातेवाटप ही सोय. 1921 पासून द्विदल राज्यपद्धतीत 'सोपीव' विषय मंत्र्यांकडे आणि 'राखीव' विषय कार्यकारी कौन्सिलरांकडे गेले. तेव्हा मात्र मंत्र्याची ओळख त्याच्या विषयांशी घट्ट बांधली गेली. शिक्षण, स्थानिक स्वराज्य, अबकारी हे ज्याच्याकडे तो मंत्री. आजही आपल्या डोक्यात मंत्री म्हणजे खाते हेच चित्र आहे.

खात्यांच्या वर असलेले मंत्री

बिनखात्याच्या मंत्र्याची जुनी कल्पना मानाची होती. डिसेंबर 1916 मध्ये लॉइड जॉर्जने ब्रिटनमध्ये पाच जणांचे युद्धमंत्रिमंडळ केले. त्यात मिल्नर आणि हेंडरसन यांच्याकडे कोणतेही खाते नव्हते. तर्क सरळ होता: ज्याला रोजच्या फायली नाहीत, तो मोठ्या प्रश्नांवर विचार करायला मोकळा.

स्वतंत्र भारताच्या केंद्र सरकारात हीच परंपरा दिसते. 1947 च्या मंत्रिमंडळात एन. गोपालस्वामी अय्यंगार बिनखात्याचे मंत्री होते आणि काश्मीरचा प्रश्न हाताळण्यात त्यांचा मोठा वाटा होता. चक्रवर्ती राजगोपालाचारी 1950 मध्ये गव्हर्नर जनरलपदावरून उतरल्यावर बिनखात्याचे मंत्री म्हणून आले. सरदार पटेलांच्या निधनानंतर त्यांच्याकडे गृहखाते गेले. व्ही. के. कृष्ण मेनन 1956 मध्ये याच नात्याने मंत्रिमंडळात आले. कामराज योजनेखाली 1963 मध्ये पद सोडलेले लालबहादूर शास्त्री जानेवारी 1964 मध्ये परत आले ते बिनखात्याचे मंत्री म्हणून. नेहरूंची तब्येत बिघडली होती आणि त्यांच्या कामाचा भार कुणीतरी उचलायला हवा होता. चार महिन्यांनी शास्त्री पंतप्रधान झाले.

या चौघांची खाती कुणी काढून घेतली नव्हती. ते खात्यांच्या वर होते.

पुढे केंद्रातच दुसरा प्रकार आला. आजारी असलेले मुरासोली मारन शेवटच्या काळात बिनखात्याचे मंत्री राहिले. नटवरसिंह 2005 मध्ये वोल्कर अहवालावरून वाद झाल्यावर परराष्ट्र खाते सोडून महिनाभर बिनखात्याचे राहिले आणि मग राजीनामा दिला. इथे बिनखात्याचे होणे ही बढती नव्हती. एक तर आजारपणातली माणुसकी होती, किंवा बाहेरच्या दारापर्यंत नेणारी ओसरी.

राज्यांचा अलीकडचा इतिहास या दुसऱ्या प्रकाराचा आहे. माझा मुद्दा असा: पद जुनेच, नाव तेच, पण त्याचे काम बदलले.

महाराष्ट्र: तीन तऱ्हा

गेल्या काही वर्षांतल्या महाराष्ट्रातल्या घटना एका ओळीत मांडल्या की तीन तऱ्हा वेगळ्या काढता येतात.

पहिली तऱ्हा, वाट बघणारे. 28 नोव्हेंबर 2019 ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे आणि सहा मंत्र्यांनी शपथ घेतली. खातेवाटप झाले 12 डिसेंबरला, तेही तात्पुरते. 30 डिसेंबरला विस्तार झाला, त्याचे खातेवाटप 5 जानेवारी 2020 ला. 2022 मध्ये 30 जूनला एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस या दोघांनी शपथ घेतली. पुढचे 40 दिवस मंत्रिमंडळ दोघांचेच होते. 9 ऑगस्टला 18 मंत्री आले, त्यांना खाती मिळाली 14 ऑगस्टला. 2 जुलै 2023 ला अजित पवार आणि त्यांचे आठ सहकारी सरकारात आले. खाती 14 जुलैला. आणि मग सुरुवातीला सांगितलेला डिसेंबर 2024.

2019, 2022, 2023, 2024. पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले, पण शपथ आणि खाते यांच्यातले अंतर कायम आहे. त्याचे कारण व्यक्तीत शोधू नका, रचनेत शोधा. ही सगळी युतीची किंवा आघाडीची सरकारे आहेत. शपथविधीला उशीर झाला तर सरकार बनते की नाही अशी शंका येते, आमदार चलबिचल होतात. म्हणून आधी शपथ उरकायची. खात्यांची घासाघीस मात्र पक्षापक्षांत चालूच असते. शपथ म्हणजे साखरपुडा, खातेवाटप म्हणजे देण्याघेण्याची बोलणी; आपल्याकडे क्रम उलटा झाला आहे एवढेच.

दुसरी तऱ्हा, अटकेतले. 23 फेब्रुवारी 2022 ला ईडीने नवाब मलिक यांना अटक केली. ते अल्पसंख्याक विकास आणि कौशल्य विकास या खात्यांचे मंत्री होते. मार्चमध्ये ही खाती इतर मंत्र्यांकडे देण्यात आली. पण मलिकांचा राजीनामा घेतला गेला नाही. 29 जूनला सरकार पडेपर्यंत ते बिनखात्याचे मंत्री राहिले, तेही कोठडीत.

याच सरकारातला दुसरा दाखला शेजारी ठेवा. उच्च न्यायालयाने सीबीआयच्या प्राथमिक चौकशीचा आदेश दिल्यावर गृहमंत्री अनिल देशमुख यांनी एप्रिल 2021 मध्ये राजीनामा दिला. त्यांना अटक झाली त्यानंतर काही महिन्यांनी, नोव्हेंबरात. एकच सरकार, एकच पक्ष, एकाच तपास यंत्रणेने केलेली अटक, पण एका प्रकरणात पद गेले आणि दुसऱ्यात फक्त खाते गेले. तुलनात्मक संशोधन करणाऱ्याला याहून चांगली जोडी मिळणार नाही. बाकीचे बरेच घटक सारखे आहेत, मग फरक कशाने पडला? चौकशीचा आदेश कोर्टाचा होता म्हणून? राजीनामा म्हणजे केंद्रीय यंत्रणेपुढे मान तुकवणे, असा अर्थ दुसऱ्या वेळी निघाला असता म्हणून? आघाडीतल्या नेत्यांची त्या त्या वेळची विधाने तारखेनुसार लावली तर उत्तराच्या जवळ जाता येते.

तिसरी तऱ्हा, रुसलेले किंवा फुटलेले. जून 2022 मध्ये शिंदे गट गुवाहाटीला होता. 27 जूनला मुख्यमंत्री ठाकरे यांनी त्या गटातल्या नऊ मंत्र्यांची खाती काढून इतरांना दिली. पाच कॅबिनेट मंत्री, चार राज्यमंत्री. शिंदे यांचे नगरविकास खाते सुभाष देसाईंकडे गेले, उदय सामंत यांचे उच्च व तंत्रशिक्षण आदित्य ठाकरेंकडे. कामे अडू नयेत हे कारण दिले गेले. पण नऊ जणांना मंत्रिमंडळातून काढले मात्र नाही. दोन दिवसांनी मुख्यमंत्र्यांनीच राजीनामा दिला.

विचार करा. 27 ते 29 जून 2022 या काळात महाराष्ट्रात निदान दहा बिनखात्याचे मंत्री होते: नऊ गुवाहाटीत, एक कोठडीत. आणि त्या नवांतले एक जण 30 तारखेला मुख्यमंत्री झाले. दोन दिवसांचा हा काळ मंत्र्यांच्या याद्यांमध्ये दिसतच नाही, कारण याद्या शपथेच्या आणि राजीनाम्याच्या तारखा देतात.

तमिळनाडू: खाते मुख्यमंत्र्याचे, मंत्री कुणाचा?

हा प्रश्न कोर्टात पोचला तो तमिळनाडूतून. 14 जून 2023 ला ईडीने मंत्री सेंथिल बालाजी यांना अटक केली. मुख्यमंत्री स्टालिन यांनी त्यांचे वीज खाते तंगम तेन्नरसू यांना आणि दारूबंदी व अबकारी खाते मुत्तुसामी यांना देण्याची शिफारस केली, आणि बालाजी बिनखात्याचे मंत्री राहतील असे कळवले. राज्यपाल आर. एन. रवी यांनी खात्यांच्या फेरवाटपाला मान्यता दिली, पण बालाजी मंत्री राहण्याला हरकत घेतली. सरकारने स्वतःचा आदेश काढून त्यांना ठेवले. 29 जूनला राज्यपालांनी बालाजींना बडतर्फ केले, आणि त्याच रात्री काही तासांत तो आदेश स्थगित ठेवला; महाधिवक्त्यांचे नव्हे, तर भारताच्या ॲटर्नी जनरलचे मत घेणार असे सांगून.

प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. अधिकारपृच्छेच्या याचिका होत्या: हा माणूस कोणत्या अधिकाराने मंत्री आहे? 5 सप्टेंबर 2023 ला मुख्य न्यायमूर्ती संजय गंगापूरवाला यांच्या खंडपीठाने निकाल दिला. गंगापूरवाला मूळ मुंबई उच्च न्यायालयातले, तिथे ते प्रभारी मुख्य न्यायमूर्तीही होते. निकालाचा आशय दोन भागांत सांगता येतो. एक: कोठडीतल्या व्यक्तीला बिनखात्याचा मंत्री म्हणून ठेवण्याने काहीही साध्य होत नाही, आणि घटनात्मक नीतीच्या दृष्टीने ते चांगले नाही. दोन: तरीही काढायचे की ठेवायचे हे मुख्यमंत्र्याने ठरवायचे. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हस्तक्षेप करायला नकार दिला; मुख्यमंत्र्याच्या शिफारशीविना राज्यपाल मंत्र्याला काढू शकत नाहीत ही भूमिका कायम राहिली. बालाजींनी फेब्रुवारी 2024 मध्ये राजीनामा दिला. सप्टेंबरमध्ये जामीन मिळाल्यावर ते पुन्हा मंत्री झाले, आणि एप्रिल 2025 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या पुनरागमनावर प्रश्न उभे केल्यानंतर, पुन्हा पायउतार झाले.

राज्यपालांच्या पहिल्या प्रतिसादाकडे परत बघा. खातेवाटप मान्य, मंत्रिपद अमान्य. वर सांगितलेले दोन मजले इथे वेगळे झालेले स्पष्ट दिसतात. मुख्यमंत्र्याने खाते काढले, पद ठेवले. राज्यपालांना तेच पद काढायचे होते. न्यायालय म्हणाले, नैतिकदृष्ट्या चूक असेल, पण चावी मुख्यमंत्र्याकडेच.

15 टक्क्यांचे कोडे

आता एक कोडे. 1997 मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंह यांनी 93 मंत्र्यांचे मंत्रिमंडळ केले होते. अशा जंबो मंत्रिमंडळांना आळा घालण्यासाठी 2003 ची 91 वी घटनादुरुस्ती आली. मुख्यमंत्र्यासह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांहून जास्त नको. छोट्या राज्यांत मात्र ती 12 पर्यंत जाऊ शकते. महाराष्ट्रात 288 सदस्य, म्हणजे मर्यादा 43. तमिळनाडूत 234, म्हणजे 35. गोव्यात 40 सदस्य, म्हणून 12.

मर्यादा येण्याआधी बिनखात्याचा मंत्री ठेवणे फुकट होते. खुर्च्या हव्या तेवढ्या मांडता यायच्या. मर्यादेनंतर प्रत्येक खुर्चीला किंमत आली. तर्काने बघितले तर 2004 नंतर बिनखात्याचे मंत्री नाहीसे व्हायला हवे होते. 43 खुर्च्या, रांगेत इच्छुक आमदार, आणि त्यातली एक खुर्ची काम न करणाऱ्यासाठी अडवायची? गोव्यात सप्टेंबर 2018 मध्ये नेमके हेच झाले. मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर स्वतः आजारी होते. फ्रान्सिस डिसोझा आणि पांडुरंग मडकईकर या आजारी मंत्र्यांना बिनखात्याचे न ठेवता वगळण्यात आले आणि त्यांच्या जागी नीलेश काब्राल व मिलिंद नाईक आले. 12 च्या मंत्रिमंडळात दोन खुर्च्या अडवून ठेवणे परवडत नाही.

दिल्लीत उलट झाले. तिथे मर्यादा आणखी कडक, सदस्यसंख्येच्या 10 टक्के, म्हणजे फक्त सात मंत्री. तरीही मे 2022 मध्ये अटक झालेले सत्येंद्र जैन 28 फेब्रुवारी 2023 पर्यंत बिनखात्याचे मंत्री राहिले. त्यांची खाती मनीष सिसोदियांकडे गेली, आणि सिसोदियांना अटक झाली तेव्हा त्यांच्याकडे 18 खाती होती. सातातली एक खुर्ची रिकामी ठेवल्याचा भार दुसऱ्या खुर्चीवर कसा पडतो, हे या आकड्यातून दिसते.

मग महाग खुर्ची कुणी का अडवून ठेवतो? माझे उत्तर असे. खाते काढणे आणि पद काढणे या दोन कृतींचा राजकीय अर्थ वेगळा आहे. खाते काढले की कारभार चालू राहतो, फायली हलतात, आणि 'तुरुंगातून खाते चालवताय का' या प्रश्नाला उत्तर मिळते. पद ठेवले की 'आम्ही आरोप मान्य केलेला नाही' हा संदेश जातो. एका हाताने प्रशासनाला उत्तर, दुसऱ्या हाताने विरोधकाला. फुटलेल्या नऊ जणांच्या बाबतीत संदेश वेगळा होता: दार अजून पूर्ण बंद नाही. म्हणजे बिनखात्याचे मंत्रिपद हे आज वेळ विकत घेण्याचे साधन आहे. खुर्चीची किंमत जितकी जास्त, तितका त्या संदेशाचा आवाज मोठा.

यात बिघडते काय?

'दोन-तीन महिन्यांचा प्रश्न, एवढे काय त्यात?' असे कुणी म्हणेल. बिघडते ते उत्तरदायित्व. विधिमंडळात तारांकित प्रश्न खात्यावर विचारले जातात. अनुदानाच्या मागण्या खात्यानुसार येतात. ज्याच्याकडे खाते नाही त्याला सभागृह विचारणार काय? पण मंत्रिमंडळ बैठकीचा तो सदस्य असतो, आणि सामूहिक जबाबदारीत त्याचाही वाटा असतो. निर्णयात सहभागाचा अधिकार आहे, जाब देण्याची जागा नाही. कोठडीतल्या मंत्र्याला तर बैठकीलाही जाता येत नाही; तिथे पद फक्त चिन्ह म्हणून उरते, आणि पगार-भत्ते पदाला जोडलेले असतात, खात्याला नव्हे.

वाट बघणाऱ्या मंत्र्यांच्या काळात बिघाड आणखी वेगळा असतो. न वाटलेली खाती मुख्यमंत्र्याकडे राहतात. 2022 च्या त्या 40 दिवसांत संपूर्ण राज्याचा कारभार दोन माणसांच्या सहीवर होता.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने 130 वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले. पाच वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात सलग 30 दिवस कोठडीत असलेल्या मंत्र्याचे पद 31 व्या दिवशी जाईल, अशी त्यात तरतूद आहे. विधेयक संयुक्त समितीकडे गेले. ते कायद्यात आले तर 'अटकेतले' ही तऱ्हा जवळजवळ संपेल. पण दोष सिद्ध होण्याआधीच, निव्वळ कोठडीच्या दिवसांवरून पद जाणार असेल, तर चावी मुख्यमंत्र्याकडून तपास यंत्रणेकडे जाते, हा विरोधकांचा आक्षेप आहे. म्हणजे बिनखात्याच्या मंत्र्याचा इतिहास हा शेवटी 'मंत्र्याला काढण्याचा अधिकार कुणाचा' याचाच इतिहास आहे.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी

आता कामाचे बोलू. या विषयावर प्रस्ताव लिहायचा असेल तर चार गोष्टी पाळा.

एक, व्याख्या आधी पक्की करा. वाट बघणारा, आजारी, अटकेतला, फुटलेला आणि जुन्या अर्थाने ज्येष्ठ सल्लागार, हे पाचही 'बिनखात्याचे' आहेत. पण त्यांना एकाच रकान्यात टाकलेत तर निष्कर्ष काहीच निघणार नाही. मुख्यमंत्र्यांचे काय करणार हेही ठरवा. 2015 मध्ये केजरीवालांनी स्वतःकडे एकही खाते न घेता मुख्यमंत्रिपद घेतले. ऑक्टोबर 2016 मध्ये रुग्णालयात असलेल्या जयललितांची खाती पनीरसेल्वम यांच्याकडे गेली, पण मुख्यमंत्री त्याच राहिल्या. हे तुमच्या व्याख्येत बसतात का?

दोन, तीन तारखा वेगळ्या नोंदवा: शपथेची, खाते मिळाल्याची, खाते गेल्याची. चौथी, पद गेल्याची. बहुतेक तयार याद्या पहिली आणि चौथीच देतात. मधल्या दोन तारखांसाठी राजपत्र, सामान्य प्रशासन विभागाचे आदेश आणि त्या आठवड्याची वर्तमानपत्रे एकत्र वाचावी लागतात. जून 2022 चे ते दोन दिवस असेच सापडतात.

तीन, आदेशात खाते लिहिले आहे म्हणून खाते अस्तित्वात आहे असे समजू नका. पंजाबात कुलदीपसिंग धालीवाल यांच्याकडे सुमारे 20 महिने 'प्रशासकीय सुधारणा' नावाचे खाते होते. फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारने राजपत्रातच कबूल केले की असे खाते अस्तित्वातच नाही. बिनखात्याचा मंत्री आपण शोधत होतो. इथे बिनअस्तित्वाचे खाते सापडले. कागद हा पुरावा असतो, पण कशाचा पुरावा, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

चार, 'का ठेवले' या प्रश्नासोबत 'का नाही ठेवले' ही प्रकरणेही गोळा करा. मलिकांसोबत देशमुख, सत्येंद्र जैनांसोबत गोव्याचे आजारी मंत्री. फक्त बिनखात्याच्या मंत्र्यांची यादी करून कारणे शोधलीत, तर ज्यांना ती सवलत मिळाली नाही ते तुमच्या नजरेतून सुटतील, आणि मार्गदर्शक पहिल्याच भेटीत तिथे बोट ठेवतील.

सुरुवात करायची असेल तर एक छोटे काम घ्या. आपल्या राज्याचे एकच मंत्रिमंडळ निवडा, एका मोठ्या कागदावर प्रत्येक मंत्र्याची आडवी रेघ काढा, आणि त्या चार तारखा त्यावर मांडा. जिथे रेघ आहे पण खाते नाही, ते तुकडे रंगवा. दोन दिवसांचे काम आहे. रंगवलेला प्रत्येक तुकडा म्हणजे एक प्रश्न असेल, आणि त्यातला एखादा तुमच्या प्रबंधाचा निघेल.